दोन रात्री म्हणून आले, बारा राहिले

सुरुवात किणी टोलनाक्यावर झाली. २०१६ चा जानेवारी, मी पुण्याहून कोल्हापूरला परत येत होतो, चहाला थांबलो तर टपरीच्या बाजूला एक गोरा माणूस सायकल उलटी करून बसलेला, दोन्ही हात ग्रीसनं काळे, आणि भोवती सात-आठ जण कमरेवर हात ठेवून सल्ले देतायत. पंक्चर एकाची आणि अक्कल दहा जणांची, आपल्याकडं हे ठरलेलंच आहे. मीही अकरावा म्हणून वाकून बघितलं. प्रश्न ट्यूबचा नव्हताच, टायरच आडवा कापला होता आणि त्या मापाचा टायर किणीत काय, पेठवडगावातही मिळाला नसता. म्हटलं चल बाबा, ओम्नीची मागची सीट पाडली, सायकल आत कोंबली आणि माणूस घरी आणला.

आमचं घर मंगळवार पेठेत. तीन खोल्या, वर एक पत्र्याची खोली. दारात आईनं त्याला आधी खालून वर बघितलं आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "कोण कुठला, नाव तरी विचारलंस काय?" नाव विचारलं होतं पण मला ते नीट म्हणता येत नव्हतं. मग पुढचा प्रश्न, "जेवलाय काय?" नाही म्हटल्यावर विषय संपला. "मी भाकरी टाकतो, तू त्याला हात धुवायला साबण दे." (कोल्हापूरच्या बायका 'मी टाकतो, मी येतो' असंच बोलतात, पुण्याची पाहुणी मंडळी अजून हसतात.) त्या माणसानं खर्डा हा भाजीचा प्रकार आहे असं समजून चमच्यानं खाल्ला आणि पुढची पंधरा मिनिटं तो कुणाशी काही बोलला नाही.

त्यानंच रात्री मला वॉर्मशॉवर्सबद्दल सांगितलं. सायकलवरनं लांबचा प्रवास करणाऱ्या लोकांचं नेटवर्क आहे, एकमेकांना घरी फुकट उतरवून घ्यायचं, गरम पाण्याची आंघोळ, पाठ टेकायला जागा, जमलं तर जेवण. काऊचसर्फिंग मला ऐकून माहिती होतं, पण सायकलवाल्यांचं वेगळं असं काही असतं हे पहिल्यांदाच कळलं. मी स्वतः रविवारी पन्हाळ्याला सायकल मारणारा, दोन वेळा आंबोलीतनं गोव्याला जाऊन आलेला, त्यामुळं डोकं फिरलंच. तो सकाळी नवा टायर शोधायला बाहेर पडायच्या आधीच मी अकाऊंट उघडून बसलो होतो.

आता खरा घोळ. तो गेल्यावर दोन दिवसांनी गल्लीतले एक काका, पोलिसातनं रिटायर झालेले, सहज म्हणाले, "काय रे, फॉरेनर ठेवला होतास म्हणे. सी फॉर्म भरलास का?" मी म्हटलं कसला फॉर्म, पाहुणा होता. तेव्हा कळलं की परदेशी माणूस घरात मुक्कामाला राहिला की २४ तासाच्या आत त्याची नोंद म्हणून सी फॉर्म भरावा लागायचा, आणि हे फक्त लॉजवाल्याला नाही, साध्या घरालाही लागू होतं. पोटात गोळाच आला. मग पुढचा पाहुणा यायच्या आधी रीतसर ऑनलाईन रजिस्ट्रेशन करायचं ठरवलं. त्यात घराचा पुरावा, माझं ओळखपत्र, सगळं स्कॅन करून टाकायचं आणि मंजुरी येईपर्यंत वाट बघायची. मंजुरीच्या चौकशीला ज्या ऑफिसात गेलो तिथल्या साहेबांना मुळात प्रश्नच कळेना. "हॉटेल आहे?" नाही. "होम स्टे?" नाही. "मग पैसे किती घेता?" घेत नाही. "मग ठेवता कशाला?" ह्याला उत्तर नव्हतं, खरंच नव्हतं. तीन फेऱ्या झाल्या. पण एकदा ते लॉगिन चालू झालं की पुढं सोपं आहे, पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, भारतात कधी उतरला, आमच्याकडं कुठनं आला आणि पुढं कुठं जाणार, फोटो, झालं. पाहुणा आंघोळीला गेला की मी त्याचा पासपोर्ट घेऊन बसायचो. तुम्ही कुणी हे करणार असाल तर पाहुण्याला बोलावायच्या आधी हे करून ठेवा, एवढं कळकळीनं सांगतो.

पुढची तीन वर्षं वर्षाला सहा-सात जण यायचे. बहुतेक नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मुंबईहून किंवा पुण्याहून निघालेले, सातारा-कराड करत कोल्हापूर आणि मग इथनं आजरा, आंबोली, सावंतवाडी करत गोव्याला. मेसेज वाचून माणूस ओळखायला मी हळूहळू शिकलो. सगळ्यांना एकच कॉपी-पेस्ट मेसेज टाकणारे लगेच कळतात, नुसतं 'हाय होस्ट' असतं आणि कोल्हापूरचं नावसुद्धा नसतं. ज्यानं प्रोफाईल वाचलंय तो विचारतो की तुमच्या आईला काय आणू. असल्या माणसाला डोळे मिटून हो म्हणायचं.

ह्या काळात मी एक चूक करत होतो आणि ती मला कळत नव्हती. आलेल्या प्रत्येकाला मी 'कोल्हापूर दाखवायचो'. अंबाबाई, न्यू पॅलेस, रंकाळा, पन्हाळा, संध्याकाळी तांबडा-पांढरा, रात्री गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध. दूध कट्टा लोकांना आवडायचाच, म्हैस समोर उभी, ग्लासात थेट धार, वर हा एवढा फेस, पिऊन झालं की पांढऱ्या मिशा. फोटो निघायचे, प्रोफाईलवर छान छान लिहून जायचे, आणि मग ते आपल्या वाटेनं आणि आम्ही आपल्या. ख्रिसमसला एक मेसेज यायचा, दुसऱ्या वर्षी तोही नाही. मी गाईड झालो होतो, तोही बिनपगारी.

आणि घरात तर पाहुण्यानं ताट उचललं तरी आई ओरडायची. एका कोरियन मुलानं एकदा आपली ताटली मोरीत नेऊन घासली तर आई दिवसभर अस्वस्थ, "लोक काय म्हणतील, पाहुण्याकडनं भांडी घासून घेतली." तो बिचारा आपण काय चूक केली म्हणून मला विचारत होता.

एकदाच जरा वेगळं झालं होतं. २०१७ च्या डिसेंबरात एक फ्रेंच जोडपं आलं, त्यांना मी बायकोच्या मामाच्या गुऱ्हाळावर नेलं. बघायला म्हणून नेलं, पण त्या दिवशी चुलवाणात उसाचं चिपाड टाकणाऱ्या दोघांपैकी एक गडी आलाच नव्हता, आणि तो फ्रेंच गडी गप उभा राहीना. मामांनी त्याच्या हातात सरळ चिपाडाचा भारा दिला. काहील उकळायला लागली, भेंडीची ताटं कुटून त्याचं चिकट पाणी रसात सोडलं की मळी कशी वर तरंगून येते आणि ती झाऱ्यानं कशी ओढून काढायची, हे सगळं त्यानं घामाघूम होऊन, तोंडाला राख लावून बघितलं. शेवटी गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी गोळी करून बघतो, तो क्षण आला तेव्हा सगळ्या गुऱ्हाळात कुणी बोलत नाही. गुळव्या म्हणाला, "ओढा." काहील गूळ गार करायच्या वाफ्यात पालथी झाली. तो फ्रेंच माणूस असा ओरडला की जणू गोल झाला. त्याची बायको काकवी बोटानं चाटत तिथंच पोत्यावर बसून राहिली. ते दोघं अजून संपर्कात आहेत आणि मला त्याचं कारण बरेच दिवस कळलं नव्हतं, मला वाटायचं माणसंच चांगली होती.

वाईट अनुभव एकच सांगतो, लांबवत नाही. एक जण आला, आला तसा वायफाय, मग एसी नाही का, मग तिखट नको, मग दुपारी बारापर्यंत झोप, चौथ्या दिवशीही हलायचं नाव नाही. शेवटी आईनंच त्याच्यापुढं त्याची पिशवी आणून ठेवली आणि हसून नमस्कार केला. त्यानंतर दोन रात्रींचा नियम केला. प्रोफाईलवर ठळक लिहिलं, जास्तीत जास्त दोन रात्री.

तर ४ ऑगस्ट २०१९, रविवार. नेदरलँड्सचं एक जोडपं, दोघंही शाळेत शिकवणारे, त्यांना सुट्टी जुलै-ऑगस्टलाच असते म्हणून भर पावसाळ्यात मुंबई ते कन्याकुमारी निघालेले. मी मेसेजवर तीनदा सांगितलं होतं की बाबांनो पावसात येऊ नका, तर त्यांचं उत्तर, आम्ही डच आहोत, पावसाचं काय. कराडहून दिवसभर भिजत आले. तो साडेसहा फुटाच्या आसपास, आमच्या मधल्या दाराला त्याचं डोकं पहिल्या पाच मिनिटात दोनदा लागलं. नावं खरी लिहीत नाही. आईनं त्याचं नाव लांबड्या ठेवलं आणि बायको शिक्षिका म्हटल्यावर तिला बाई. ती नावं पुढं कायम झाली.

त्यांना तांबडा-पांढरा खायचा होता, वाचून आले होते. मला तोंड लपवावं लागलं कारण श्रावण लागून तीन दिवस झाले होते आणि आमच्या घरात श्रावणात अंडंसुद्धा येत नाही. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. आईनं पुरणाची दिंडं केली, लाह्या, सगळं व्यवस्थित चाललं होतं आणि लांबड्यानं खिशातनं चाकू काढून सफरचंद कापायला घेतलं. आई स्वयंपाकघरातनं जी किंचाळली! नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, हे त्याला समजवून सांगताना माझी इंग्रजी संपली. तो चाकू ठेवून म्हणाला, म्हणजे आज सापासाठी सगळ्यांना चाकू बंद? मी म्हटलं हो. त्यानं सफरचंद तसंच चावून खाल्लं आणि आईकडं बघून हात जोडले.

मंगळवारी ते निघणार होते. पण सोमवारपासनंच कोल्हापुरात जे दोन प्रश्न दर पावसाळ्यात विचारतात तेच सगळीकडं चालू होते, राधानगरीचे किती दरवाजे उघडले आणि मच्छिंद्री झाली का. राधानगरी धरणाचे सात दरवाजे आपोआप उघडणारे आहेत, पाणी ठराविक पातळीला आलं की ते कुणाला विचारत नाहीत. आणि मच्छिंद्री म्हणजे पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाच्या दगडी खांबांचा निमुळता भाग पाण्याखाली गेला की समजायचं आता खरं नाही. लांबड्या शाळेत भूगोल शिकवायचा, त्याला हे म्हणजे मेजवानीच. राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात दर तासाला व्हॉट्सॲपवर येते, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे त्यानं वहीत लिहून घेतलं आणि माझ्याकडनं दर तासाला आकडा मागायला लागला. आम्ही दोघं छत्री घेऊन बघायला गेलो, पाणी गायकवाड वाड्याकडं सरकलेलं, माणसं गर्दी करून उभी, कुणी कणीस खातंय, आणि तो एकटाच गंभीर. परत येताना म्हणाला, "हे अजून चढणार." मी म्हटलं आम्हाला सवय आहे. चूक होती ती. आकडा ५५ फुटांच्या वर गेला.

मंगळवारी शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुण्याकडचा रस्ता बंद, खाली निपाणीजवळ यमगर्णीला पाणी म्हणून बेळगावकडचाही बंद, घाटात दरडी. कोल्हापूर म्हणजे बेट झालं. त्याच संध्याकाळी दुधाळीतनं मावशी, तिचा मुलगा-सून, दोन नातवंडं, कमरेएवढ्या पाण्यातनं बाहेर पडून आमच्याकडं आली, एका हातात देवघरातले देव आणि दुसऱ्या हातात गॅसचं पुस्तक. घरात आता अकरा माणसं. लांबड्या आणि बाईनं कुणी काही म्हणायच्या आत वरच्या खोलीतनं आपलं सामान काढलं आणि हॉलमधे कोपऱ्यात चटई टाकली. दोन रात्रींचा नियम कुणाला आठवला पण नाही.

शहराचं पाणी बंद झालं कारण पाणी उपसणारी केंद्रंच पाण्याखाली. चारी बाजूला पाणी आणि नळाला थेंब नाही. पेट्रोल पंपावर असेल ते पेट्रोल ॲम्ब्युलन्स आणि बोटीवाल्यांसाठी राखून ठेवलेलं, आमच्या गाड्या दारात नुसत्या उभ्या. दूध नाही, भाजी सोन्याच्या भावात. पाठीमागच्या गल्लीत एकांच्या बोअरला पाणी होतं, तिथं घागरींची रांग. पहिल्या दिवशी लांबड्या दोन्ही हातात दोन-दोन कॅन घेऊन आला तेव्हा आई म्हणाली, "आरं ठेव ते, पाहुणा आहेस तू." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "चार झाले, अजून दोन आण." बस, तिथं काहीतरी बदललं. मला ते तेव्हा कळलं नाही, नंतर आठवताना कळलं.

मग आमच्या तालमीनं ठरवलं की पूरग्रस्तांच्या छावण्यांना चपाती-भाजी द्यायची, घरटी दहा चपात्या. बाहेरच्यांना सांगतो, कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही, गणपती, फुटबॉल, रक्तदान, भांडणं आणि भांडणं मिटवणं सगळं तिथंच. आमच्या घरात दहाच्या ऐवजी चाळीस व्हायला लागल्या कारण मावशीला गप बसवत नव्हतं, घर पाण्यात असताना बाईमाणूस दुसरं काय करणार. बाई लाटायला बसली. तिची पहिली चपाती ऑस्ट्रेलियाच्या नकाशासारखी झाली, मावशी इतक्या दिवसात पहिल्यांदा हसली. आईनं लांबड्यापुढं लसणाची टोपली ठेवली. एवढाले हात त्याचे, आणि पाकळीचं साल काढताना जीभ बाहेर. एका तासात वाटीभर. आई म्हणाली, "ह्याच्यापेक्षा माझी नात जलद सोलते," मी भाषांतर केलं, त्यानं दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीशी शर्यत लावली आणि हरला.

चपात्या झाल्या, पण पोचवायच्या कशा? छावणी होती एका शाळेत, तीन-साडेतीन किलोमीटरवर, गाड्यांना पेट्रोल नाही. तालमीतली पोरं विचार करत बसली होती आणि लांबड्या उठून आपल्या सायकली घेऊन आला. दोन सायकली, मागंपुढं मिळून आठ बॅगा, सगळ्या वॉटरप्रूफ. बाईनं त्या आतनं धुवून, पुसून, माझ्या बायकोची स्वच्छ सुती साडी फाडून अस्तर लावलं. एका फेरीत तीनशे चपात्या बसल्या, भाजीचा डबा कॅरिअरला बांधला. मी माझी सायकल काढली, गल्लीतली आणखी पाच-सहा पोरं आपापल्या जुन्या सायकली घेऊन आली, काहींच्या चेनला गंज. पावसात ही वरात निघाली, पुढं साडेसहा फुटी गोरा, मागं आम्ही. छावणीतली बारकी पोरं त्याला बघून 'चपातीवाला आला' म्हणून ओरडायची. चार दिवस दिवसाला दोन फेऱ्या. त्या चार दिवसात तो कोल्हापुरी शिव्या शिकला, कोणाकडनं ते मी लिहीत नाही.

एका रात्री लाईट गेली होती. अकरा माणसं हॉलमधे, मधोमध मेणबत्ती, आईनं तांब्याचे हंडे भरून झाकून ठेवलेले आणि नातवंडांना दम देत होती की त्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही, ते प्यायचं. लांबड्यानं मला विचारलं आई काय म्हणतेय, सांगितलं, तर तो एकदम बोलायला लागला. त्याची आजी झीलंडची, समुद्राकाठचा भाग. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री वादळात बांध फुटले आणि समुद्र आत आला, त्याच्या देशात १,८३६ माणसं गेली. आजी तेव्हा नऊ वर्षांची, दोन रात्री माळ्यावर बसून होती, खाली घरात पाणी, पण खारं. प्यायला काही नाही. त्यानंतर म्हातारी होऊन मरेपर्यंत रोज झोपायच्या आधी पिण्याच्या पाण्याचा जग भरून वर घेऊन जायची, एक दिवस चुकवला नाही. मी एकेक वाक्य मराठीत सांगत होतो. मावशी ऐकता ऐकता रडायला लागली. आईनं विचारलं, "आजीचं घर राहिलं काय?" तो म्हणाला नाही. आई थोडा वेळ गप बसली आणि मग हंड्यावरचं झाकण उघडून तिनं पहिला पेला त्याला दिला.

पाणी उतरायला लागलं तसं १२ तारखेला हायवेवरनं हळूहळू गाड्या सोडायला लागले. मला वाटलं आता हे जाणार, त्यांचं सगळं वेळापत्रक बोंबललं होतं, परतीचं तिकीट ठरलेलं, कन्याकुमारी तर गेलीच. पण मावशीच्या घरातला गाळ काढायचा होता. पुरापेक्षा पुरानंतरचं वाईट असतं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहिती. घोट्यापर्यंत काळा चिखल, त्यात फुगलेल्या गाद्या, उलटा पडलेला फ्रीज, तांदळाच्या डब्यातनं येणारा वास, आणि भिंतीवर पाण्याची रेघ, माझ्या डोक्याच्याही वर. लांबड्या रेघेपाशी उभा राहिला, त्याच्या कपाळाला लागत होती. खोऱ्यानं गाळ ओढायचा, पाटीत भरायचा, बाहेर रस्त्यावर टाकायचा, असं तीन दिवस. बाईनं मावशीचा लग्नातला फोटो चिखलातनं काढून कापसानं पुसला, चेहरे गेले होते, साडीचा काठ तेवढा दिसत होता. मावशीनं तो फोटो तसाच परत भिंतीवर लावला, अजून आहे.

१५ ऑगस्टला त्या वर्षी राखी पौर्णिमा पण होती. राख्या आणायला कुठलं दुकान आणि कुठलं काय. माझ्या मुलीनं पिवळा दोरा घेतला, त्याला कपाटावरच्या जुन्या रुखवताची टिकली चिकटवली आणि लांबड्याला बांधली. त्याला ओवाळणी म्हणून काय द्यायचं कळेना, त्यानं सायकलची घंटी काढून दिली. १६ ला सकाळी दोघं निघाले, बसनं पुणे आणि तिथनं पुढं, कारण सायकलनं जायला दिवसच उरले नव्हते. आई स्टँडवर आली, दोघांच्या हातात दही ठेवलं, आणि मला म्हणाली, "त्याला सांग, श्रावण नसताना ये."

ते गेल्यावर मी प्रोफाईल बदललं. आता तिथं लिहिलंय की आम्ही कोल्हापूर दाखवत नाही, ज्या दिवशी घरात जे चाललं असेल त्यात तुम्हाला घेऊ. लग्न असेल तर लग्न, पापड असतील तर पापड. पुढं कोरोनात दोन वर्षं कुणी आलंच नाही, आणि नंतर आले ते कमी आले, हा मजकूर वाचून काही जण पळतही असतील. पळोत.

जुलै २०२१ ला पंचगंगा परत ५५ च्या वर गेली. पहिला फोन मुंबईच्या काकांचा नाही, पुण्याच्या बहिणीचा नाही. सकाळी सहाला मोबाईल वाजला, लांबड्याचा मेसेज, देवनागरीत, कुठनं शिकला कोण जाणे, एकच शब्द आणि प्रश्नचिन्ह, 'मच्छिंद्री?' तो तिथं बसून राजाराम बंधाऱ्याचा आकडा रोज बघत होता. आणि त्याच महिन्यात त्यांच्याकडं लिंबर्गमधे पूर आला होता, त्यामुळं एकमेकांना पाण्याचे फोटो पाठवायचं काम दोन्हीकडनं चालू होतं. मावशीनं ह्या वेळी चार दिवस आधीच सामान माळ्यावर टाकलं, त्यात सगळ्यात वर पाण्याचा जग.

२०२३ च्या जानेवारीत ते आले, ह्या वेळी सायकल नाही, एक वर्षाची पोरगी. जानेवारी मुद्दाम निवडला, आईनं फोनवर तिथी सांगून पक्कं केलं होतं की संकष्टी, एकादशी काही आडवं येणार नाही. मी स्टँडवरनं त्यांना घेऊन आलो तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत मटणाचा वास, मावशी सकाळपासनं आलेली, पांढऱ्या रश्शाला नारळ खवून ठेवलेला, चुलीवर मटणाचं अळणी पाणी उकळतंय. लांबड्याचं डोकं मधल्या दाराला लागलंच. बाईची पोरगी आईनं कडेवर घेतली, तिला उलटसुलट फिरवून बघितलं, काजळाची तीट लावली आणि ती पोरगी मावशीकडं सोपवली.

लांबड्या अजून बुटाची लेस सोडत होता. आईनं त्याच्यापुढं लसणाची टोपली सरकवली.

"बस," ती म्हणाली, "जरा जलद सोल ह्या वेळी, माणसं खोळंबलीत."